आठ लाखांचा डिप्लोमा की दहा मिनिटांची फिल्म?

प्रश्न : मुलगी टी.वाय.बी.एस्सी.ला आहे. तिला दिग्दर्शक व्हायचंय, तेही ‘स्वतंत्र सिनेमा’च करायचाय. शेवटचं वर्ष सोडून एका खासगी संस्थेत डिप्लोमाला जाते म्हणते. फी आठ लाख. एफडी मोडू का? – एक पालक, सांगली

उत्तर : सध्या मोडू नका. आणि पदवी तिनं पूर्ण करायलाच हवी. पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी चित्रपट संस्थेतला दिग्दर्शन आणि पटकथालेखनाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम पदवीनंतरचा आहे, शाखा कुठलीही चालते. जागा अगदी मोजक्या, त्यामुळे पहिल्याच वर्षी नंबर लागेल असं धरून चालू नका.

तिच्यासमोर दिग्दर्शिका रीमा दास यांचं उदाहरण ठेवा. आसाममधल्या छयगावच्या. पुणे विद्यापीठातून समाजशास्त्रात एम.ए. केलं, मुंबईत आल्या त्या अभिनय करायला. फिल्म स्कूलमध्ये गेल्याच नाहीत. पहिला लघुपट २००९चा. ‘व्हिलेज रॉकस्टार्स’ त्यांनी गावातल्याच मुलांना घेऊन तीन-चार वर्षं थोडा थोडा चित्रित केला. लेखन, कॅमेरा, संकलन सगळं स्वतःच. २०१८ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. लघुपटापासून तिथवर नऊ वर्षं! घरात बोलणी होतील तेव्हा हा आकडा विसरू नका. याच चित्रपटाला लोकेशनवरच्या ध्वनिमुद्रणाचाही राष्ट्रीय पुरस्कार आहे. कॅमेऱ्याच्या गप्पा मारणाऱ्यांना हे सहसा ठाऊक नसतं.

परीक्षा झाली की तिला दहा मिनिटांची फिल्म करू द्या. पटकथेचं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट. दिवसाला तीन-चार पानं धरली तर तीन दिवसांचं शूटिंग. दोन-तीन पात्रं, एकच घर. कॅमेरा मोबाइलचा किंवा मागून आणलेला चालेल, पण बूम माइक (लांब काठीला लावलेला माइक) आणि साउंड रेकॉर्डिस्ट पैसे देऊन घ्या. नवख्यांच्या फिल्म चित्रापेक्षा आवाजामुळेच जास्त पडतात : संवादाखाली पंख्याची घरघर, मधेच फ्रिज सुरू. दोन्ही बंद ठेवायचे आणि प्रत्येक खोलीत सगळ्यांनी गप्प राहून अर्धा मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करायची. संकलनात संवादांमधल्या फटी तीच बुजवते. ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकतं, कारण आपली वीज ५० हर्ट्झची. कॅमेऱ्याच्या शटरचा वेग १/५० सेकंद ठेवला की बहुतेक वेळा थांबतं. रोजचं फुटेज त्याच रात्री दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवायचं, मगच कार्ड पुसायचं.

निम्मे पैसे शूटिंगनंतरच्या कामासाठी बाजूला काढून ठेवा. नाहीतर हमखास घडतं ते असं : जेवणखाण, प्रवासात पैसे संपतात आणि फिल्म हार्ड डिस्कवर पडून राहते. गाजलेलं गाणं वापरायचं नाही. हक्क नसले तर महोत्सवात फिल्म दाखवता येत नाही. लगेच यूट्यूबवरही टाकायची नाही. आधी ऑनलाइन आलेली फिल्म बरेच महोत्सव घेत नाहीत.

पोटापाण्यासाठी तिला संकलन शिकू द्या. लग्नाच्या, जाहिरातींच्या व्हिडिओंचं काम मिळत राहतं, आणि शूटिंगमध्ये कुठला शॉट घ्यायचा राहिला ते संकलनाच्या टेबलावर जितकं कळतं तितकं वर्गात कळत नाही.

एवढं करूनही संस्थेत जायचं असेल तर फी भरण्याआधी तिथं विचारा : प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतः दिग्दर्शित केलेल्या किती फिल्म पूर्ण करता येतात, त्यांचा खर्च फीमध्ये धरलाय का, आणि मागच्या दोन बॅचच्या फिल्म दाखवाल का? ‘आमचे गेस्ट लेक्चरर कोण कोण’ हेच ऐकवायला लागले तर चहा पिऊन निघा.