पाहिलं तेवढंच सांग

प्रिय पोरी,

सप्रेम सलाम.

तुझा मेसेज आला तेव्हा मी ज्वारी निवडत बसले होते. एवढं लांबलचक फोनवर वाचताना डोळ्यांना पाणी आलं, चष्म्याचा नंबर वाढलाय बहुतेक. म्हणून उत्तर कागदावर लिहिते आहे. नातू फोटो काढून पाठवील. अक्षर लागलं नाही तर फोन कर, पण रात्री नऊच्या आत.

तू लिहितेस, रात्री दीड वाजता शेजारच्या कॉटवरची मुलगी उशीत तोंड खुपसून रडत होती. तू जागी होतीस. काही बोलली नाहीस, कूस बदललीस. मग रविवारी पाळकसाहेबांनी साक्षीवर, म्हणजे येशूबद्दल दुसऱ्याला सांगण्यावर, संदेश दिला आणि तुला वाटलं, देवाने दिलेली संधी आपण घालवली.

आधी हा ‘संधी’ शब्द काढून टाक. ती मुलगी आहे. कालही तुझ्या खोलीत होती, आजही आहे, तिचा टॉवेल तुझ्याच दोरीवर वाळतोय. ज्याच्याकडे संधी म्हणून बघतो त्याचं रडणं आपल्याला नीट ऐकूच येत नाही. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझ्या हातून घडलंय.

मी तेव्हा चोवीस वर्षांची, नवी नवी स्टाफ नर्स. एप्रनच्या खिशात थर्मामीटर, कात्री आणि सुवार्तेच्या पत्रिका. पुरुष वॉर्डात एक शेतकरी होता. मधुमेहाने पाय काळा पडला होता, दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघ्याखाली कापायचा होता. मला वाटलं, हीच वेळ. रात्रपाळीत त्याच्या कॉटजवळ उभी राहून मी सार्वकालिक जीवनाबद्दल चांगली दहा मिनिटं बोलले. तो मान डोलवत होता. मी मनातल्या मनात देवाचे उपकार मानायला लागले, तेवढ्यात खाली चटईवर बसलेली त्याची बायको हळूच म्हणाली, “सिस्टर, त्यांना मघापासून लघवीला लागलीय. भांडं देता का?”

माणूस इतका भिडस्त की सिस्टर बोलतेय म्हणून धरून बसला होता. पोरी, या गोष्टीला चाळीस वर्षं झाली, अजून आठवलं की कानशिलं गरम होतात. मी भांडं दिलं, पडदा ओढला, नंतर चादर बदलली. पाय कापल्यावर तो पंधरा दिवस वॉर्डात होता. त्या पंधरा दिवसांत मी पत्रिकेचं नाव काढलं नाही. ड्रेसिंग मात्र मीच करायची. जायच्या दिवशी त्याने आपण होऊन विचारलं, “सिस्टर, त्या रात्री तुम्ही काय सांगत होता?” मी चार वाक्यांत सांगितलं. त्याने ऐकलं, बरं म्हणाला, आणि गावी गेला. पुढे काय झालं मला ठाऊक नाही.

बायबलातल्या पेत्राच्या पहिल्या पत्रात हेच तर लिहिलं आहे. तुमच्या आशेविषयी जो विचारपूस करील त्याला उत्तर द्यायला तयार असा, आणि ते सौम्यतेने द्या. आम्ही ‘उत्तर द्या’ एवढंच पाठ केलं. कुणी विचारलंय का, हे बघायचं राहून गेलं.

तर तू आज काय करायचंस? चहा कर, दोघींपुरता. आणि खरं ते सांग: “परवा रात्री तू रडत होतीस. मी जागी होते. काय बोलावं सुचलं नाही म्हणून गप्प राहिले.” एवढंच. मग ती बोलली तर ऐक. मध्येच तुझ्या घरचं सांगू नकोस, वचनही सांगू नकोस. नाहीच बोलली तर चहा पिऊन उठा. निघताना वाटलं तर विचार, “मी तुझ्यासाठी प्रार्थना केली तर चालेल?” ती ‘नको’ म्हणाली तर तिच्यासमोर करायची नाही. एकांतात करायला कुणाची परवानगी लागत नाही. ‘हो’ म्हणाली तर थोडक्यात कर, आणि घरच्या मराठीत कर.

ही मराठीची गोष्ट जरा लांबवते, कारण आपल्या तरुण संघातली सगळी पोरं यात अडकतात. मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आपण ‘ओझं आलं’, ‘तारण झालं’, ‘आत्मे जिंकले’, ‘अभिषेक झाला’ असं सहज बोलतो. बाहेरच्या माणसाला यातलं ओ की ठो कळत नाही. आत्मे जिंकणं ऐकून तर तो घाबरेलच! पंडिता रमाबाईंना संस्कृत येत होतं, त्या जोरावर त्यांना कितीही भारदस्त लिहिता आलं असतं. तरी आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षं त्या केडगावला बसून बायबल सोप्या मराठीत आणत राहिल्या, खेड्यातल्या साध्या बाईला ते कळावं म्हणून. आणि कवी नारायण वामन टिळकांची भजनं आपण अजून गातो, ती का? अभंग-ओवीच्या वळणाची आहेत, कानाला घरची वाटतात.

टिळकांचं निघालंच आहे तर आगगाडीची गोष्ट पुन्हा सांगते. संडे स्कूलमध्ये सांगितली होती, पण तेव्हा तुझं लक्ष खिडकीबाहेर असायचं. नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. गप्पा कवितेच्या निघाल्या. त्यांनी टिळकांशी माणसासारखं, आदराने बोलणं केलं आणि जाताना बायबलचा नवा करार हातात ठेवला. टिळकांनी तो घरी नेऊन वाचला, आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी येऊन थबकले. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. मराठी ख्रिस्ती मंडळीचा सर्वांत मोठा कवी आला तो असा, एका प्रवासातल्या बोलण्यातून.

आमचे वक्ते गोष्ट इथे थांबवतात, कारण टाळ्या इथे पडतात. मी पुढचंही सांगते. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यामागे गेल्या नाहीत. लहानग्या मुलाला, दत्तूला घेऊन त्या वेगळ्या राहिल्या. माहेर-सासरचे लोक, सोवळंओवळं, लोकांचं बोलणं, सगळं त्या एकट्या बाईवर कोसळलं. पुढे एकत्र आल्यावरही त्या आपल्याच गतीने चालल्या. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांचा त्यांनी सोडवला, मग पुढचं पाऊल टाकलं. बाप्तिस्मा घेतला १९०० साली. म्हणजे टिळकांसारखा वाणीचा धनी घरात असून बायकोला पाच वर्षं लागली. आणि तू एका रात्री गप्प राहिलीस म्हणून रडतेस!

एक व्यवहाराची गोष्ट, पटकन. घटनेच्या २५व्या कलमाने आपल्याला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क आहे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रसार म्हणजे आपली शिकवण समजावून सांगणं. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. काही जणांना हा निकाल खुपतो. मला विचारशील तर दुसऱ्याचं मन बदलणं हे आपलं काम आहे असं प्रभूनेही कुठे म्हटलेलं नाही. मदत करायची ती मदत म्हणून कर. ‘प्रार्थनेला ये, तुझ्या नोकरीचं बघू’ असलं वाक्य तोंडातून कधीही निघता कामा नये.

ऑफिसातल्या प्रसादाचं विचारलंस. संक्रांतीचा तिळगूळ, दिवाळीचा फराळ, यात विचार कसला करतेस, घे आणि गोड बोल. प्रसादाचा प्रश्न जुना आहे, करिंथच्या मंडळीलाही पडला होता. पौलाने लिहिलं, जेवायला बोलावलं तर पुढ्यात येईल ते खा, चौकशा करू नका. पण हे मूर्तीला वाहिलेलं आहे असं कुणी सांगितलं तर सांगणाऱ्यासाठी खाऊ नका. त्यावर आपल्यातच दोन मतं आहेत, तू तुझ्या विवेकाने ठरव. घ्यायचा नसेल तर हात जोडून ‘मी घेत नाही हं’ म्हण, भाषण देऊ नकोस. माझ्या आईने जन्मात प्रसाद घेतला नाही, पण गल्लीतल्या गणपतीच्या मांडवाला पाणी आमच्याच नळाचं जायचं, आणि नाताळात आमच्या करंज्या सगळ्यात आधी त्या मंडळाच्या पोरांकडे.

आता खरी गोष्ट. ती तू मेसेजच्या शेवटी दोन ओळींत उरकलीस, म्हणून मला कळलं की तीच खरी. बाबांची कंपनी बंद पडून दोन वर्षं झाली, तू रोज प्रार्थना करतेस, घरचे हप्ते तुझ्या पगारातून जातात, आणि ‘बाई, मलाच खात्री नाही तर मी दुसऱ्याला काय सांगू?’

तुमचे काका, माझे यजमान, आजारी पडले तेव्हा मीही अशीच प्रार्थना केली होती. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, दोन वर्षं. अख्खी मंडळी प्रार्थना करत होती. एकाने तर ‘मला दर्शन झालंय, ते बरे होणार’ असंही सांगितलं. ते गेले. त्यानंतर चार महिने मी उपासनेला गेले नाही. ड्युटीवर जायची, घरी यायची, दिवा न लावता बसायची. मंडळीतले लोक आले, ‘देवाची इच्छा’ म्हणाले, चहा पिऊन गेले. शेजारची माळकरी आजी मात्र रोज सात वाजता भाकरी-पिठलं घेऊन यायची आणि मी खाईपर्यंत उंबऱ्यावर बसायची. बोलायची काही नाही. देवाने मला टाकलं नव्हतं हे मला पुढे पुष्कळ दिवसांनी, त्या पिठल्यावरून समजलं. काही जणांना हे चालत नाही. मला चालतं.

त्या दिवसांत मी ८८वं स्तोत्र वाचायची. आपण २३वं पाठ करतो, ८८वं कुणी पाठ करून घेत नाही. ते सुरुवातीपासून तक्रार आहे आणि अंधारातच संपतं. शेवटी एकही गोड ओळ नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, म्हणजे असं बोललेलं देवाला चालतं. तूही बोल. आणि बोलून झाल्यावर सकाळी आठची बस पकड. रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या तेव्हा त्या गुडघ्यांवर प्रार्थना करत होत्याच, पण केडगावला विहिरीही खणून घेत होत्या. बाबांना सांग, वय झालं म्हणून घरात बसू नका. माझ्या ओळखीत एका शाळेला हिशेबनीस हवा आहे. पगार फार नाही. मी शब्द टाकते, लागेलच असं नाही.

राहिली तुझी खात्री. कोर्टात साक्षीदाराला काय विचारतात? तू काय पाहिलंस. ऐकीव सांगितलं तर वकील तिथेच अडवतो. आणि निकाल द्यायचं काम साक्षीदाराचं नसतं, तो पिंजऱ्यातून उतरून घरी जातो. योहानाच्या शुभवर्तमानात येशूने बरं केलेल्या त्या जन्मांधाला परूशी, म्हणजे धर्माचे कडक जाणकार, उलटसुलट विचारत होते. येशू पापी आहे की नाही, त्याला ठाऊक नव्हतं. पूर्वी मी आंधळा होतो आणि आता मला दिसतं, एवढंच त्याने सांगितलं. तुलाही जेवढं दिसलंय तेवढंच सांग. ‘माझ्या बाबांसाठी दोन वर्षं प्रार्थना करते आहे, अजून काही झालेलं नाही, तरी मी करते’ हेही तुझ्या मैत्रिणीला सांगता येईल, तिने विचारलं तर. मला वाटतं, तिला ते पत्रिकेपेक्षा जास्त समजेल.

शंकरपाळ्यांचा डबा एसटीने पाठवते आहे. गुरुवारी दुपारी स्टँडवरून घे, झाकणावर दोरी बांधली आहे. खोलीतल्या तिघींनी मिळून खा, आणि ती रडणारी आधी हात घालू दे. मागचा स्टीलचा डबा अजून तुझ्याकडेच आहे, तो विसरू नकोस.

तुझ्या,
संडे स्कूलच्या बाई