एकच सिनेमा, एकच माणूस

कोल्हापूर

चि. बाळास आशीर्वाद.

मित्रांना मूकपट दाखवलास आणि पोरं पाचव्या मिनिटाला हसत सुटली, म्हणून तू हिरमुसलास. पोरांचा दोष नाही रे. तू लावलेली प्रतच पळत होती. तेव्हा कॅमेऱ्याचं हँडल हातानं फिरवायचे, सेकंदाला साधारण सोळा ते वीस चौकटी. तीच फीत चोवीसनं सोडली की माणसं कळसूत्री बाहुल्यांगत तुरुतुरु धावतात. आधी नीट गतीची प्रत शोध. मागं चिकटवलेलं संगीत भिकार असेल तर आवाज सरळ बंद कर.

आणि पहिल्याच रात्री दिग्दर्शक ड्रायरचा 'द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क' (१९२८)? तालमीत नव्या पोराची पहिल्या दिवशी हिंदकेसरीशी जोड लावतात का? जोन झालेल्या फाल्कोनेटीचा तो चेहरा सोसायला डोळे आधी तयार व्हावे लागतात.

मित्रांना विनोदी नट बस्टर कीटनचा 'द जनरल' (१९२६) दाखव. प्रेयसीनं झिडकारलेला गडी इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर बसतो. इंजिन सुटतं, दांडा त्याला वर-खाली झुलवत नेतो, याला पत्ताच नाही. चेहऱ्यावर सुरकुती हलत नाही. ते दुःख सांगायला संवाद असता तर वाटोळं झालं असतं, असं माझं मत.

शिफारस करताना 'अभिजात', 'अजरामर' असलं काही बोलू नको. असा एक प्रसंग सांग, बास. आणि स्वतः पाहिलेलंच सांग. खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभापाशी उभं राहिलं की आपला ऊर भरून येतो आणि आपण कोल्हापूरच्या दिग्दर्शक बाबूराव पेंटरांचा 'सावकारी पाश' (१९२५) 'बघाच' म्हणून सांगत सुटतो. सावकारानं जमीन गिळलेला शेतकरी, त्या भूमिकेत तरुण व्ही. शांताराम... पण तो मूकपट आज हाती नाही. बाबूरावांनीच १९३६ साली केलेला बोलपट वेगळा. मी मूकपट पाहिलेला नाही, तो सांगणाऱ्यांनीही नाही.

फाळक्यांचा 'कालियामर्दन' (१९१९) मात्र बऱ्यापैकी उरलाय. सुरुवातीला त्यांची लहानगी लेक मंदाकिनी नुसत्या चेहऱ्यानं एकेक भाव दाखवते, आणि बघता बघता तिचाच कृष्ण होतो. हा आजीला दाखव. तिला दृश्यांमधल्या मजकुराच्या पाट्या मोठ्यानं वाचून दाखवायच्या. मित्रांना नाही, ते चिडतात.

तुझा,
काका