सोडून आलेल्या घरात जीव का अडकून राहतो?

घरातली सगळी माणसे सोबत असताना, केवळ जुनी वास्तू सुटली म्हणून इतके रिकामे का वाटावे, हा हळवेपणाच नव्हे का, असे आपण विचारले आहे. मला तसे वाटत नाही. वास्तूशी नाते आधी अंगवळणी पडते आणि मग मनात उतरते. म्हणूनच नुसती समजूत घालून ते सुटत नाही.

एखाद्या घरात काही वर्षे काढली की जिन्याची शेवटची पायरी किंचित उंच आहे हे पायांना ठाऊक असते आणि दाराची कडी कशी सरकवली म्हणजे वाजत नाही हे बोटांना कळते. मी घर बदलल्यावर कितीतरी दिवस रात्री माझा हात दिव्याच्या बटणासाठी डाव्या भिंतीकडे जाई आणि तिथे बटण नसे. एखादी भव्य इमारत आपण डोळे भरून पाहतो, पण तिच्यात जीव गुंतत नाही, याचे कारण मला हेच दिसते: तिथे आपण कधी वावरलेलो नसतो.

मेंदूची घडणही याला पूरक आहे. प्राणी ठराविक जागी आला की सक्रिय होणाऱ्या पेशी मेंदूचे अभ्यासक जॉन ओ'कीफ यांना १९७१ मध्ये उंदरांच्या हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागात आढळल्या. २०१४ च्या नोबेल पारितोषिकात या शोधाचा वाटा होता. माणसात आयुष्यातले प्रसंग लक्षात ठेवण्यासाठीही हाच भाग लागतो.

अमेरिकेतील बॉस्टन शहरातली वेस्ट एंड ही वस्ती गलिच्छ ठरवून १९५८ नंतर पाडण्यात आली. तिथून हलवलेल्या कुटुंबांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ मार्क फ्रीड यांनी १९६३ मध्ये लिहिले की, अनेकांचे दुःख जिवलग गमावल्यानंतरच्या शोकासारखेच होते. ‘याहून बरे घर मिळाले, मग रडायचे कशाला?’ असे अशा माणसांना ऐकवले जाते, तेव्हा मला फार वाईट वाटते, कारण नकाशावर केवळ पडक्या भिंती दिसतात. त्या भिंतींच्या आधाराने वर्षानुवर्षे चाललेला दिनक्रम आणि शेजार दिसत नाही.

म्हणून स्वतःला दोष देऊ नका. नव्या घरात निदान झोपण्याची दिशा आणि रोजच्या वापरातल्या वस्तूंची मांडणी जमेल तितकी जुन्यासारखी ठेवा; अनोळखी खोलीत हातापायांना निदान तेवढी ओळख सापडते.