सल्लागार समितीत कोण असावे

बडोदे

प्रिय विद्यार्थिनीस अनेक आशीर्वाद.

बडोदा संस्थानातील सक्तीच्या प्राथमिक शिक्षणावर पीएच.डी. करण्याचे तू निश्चित केलेस आणि मार्गदर्शकही मिळाले, हे वाचून मनापासून आनंद झाला. संशोधन सल्लागार समितीसाठी कोणाला विचारावे, असे तू लिहिले आहेस. मी नावे सुचवणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमावलीप्रमाणे तुझे मार्गदर्शकच त्या समितीचे निमंत्रक असतात, त्यामुळे त्यांच्याशी बोलण्याआधी कोणत्याही प्राध्यापकांना शब्द देऊ नकोस. सदस्य किती असावेत आणि दुसऱ्या विभागातील व्यक्ती घेता येते का, हे विद्यापीठाच्या अध्यादेशात पाहून घे.

माझे सांगणे एवढेच आहे की, समिती माणसांच्या मोठेपणावरून न ठरवता तुझा प्रबंध जिथे अडखळण्याची शक्यता आहे त्या जागांवरून ठरव. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये संस्थानातील अमरेलीत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण संस्थानात लागू केला, इतके सर्वांना ठाऊक आहे. परंतु कायदा झाल्यावर मुले प्रत्यक्ष शाळेत येत होती का, न पाठवणाऱ्या पालकांकडून दंड कसा वसूल झाला, मुलींच्या आणि अंत्यज, म्हणजे तेव्हा अस्पृश्य मानलेल्या जातींतील, मुलांच्या वाट्याला नेमके काय आले, हे तुला कागदांतून काढावे लागेल. जुन्या दफ्तरात मोडी लिपीतील मराठी भेटेल, गावपातळीवरचा पत्रव्यवहार बहुतांशी गुजरातीत असेल आणि वार्षिक प्रशासन अहवाल इंग्रजीत आहेत. तुझे मराठी वाचन उत्तम आहे, म्हणून नकळत तू मराठी कागदांवरच अधिक विसंबशील. तेव्हा गुजराती साधनांचा मनापासून अभ्यास असलेली एक व्यक्ती समितीत असलीच पाहिजे. पटावरची संख्या आणि रोजची हजेरी यांतला फरक ओळखून आकडे वाचणारे कोणी शिक्षणशास्त्राच्या किंवा समाजशास्त्राच्या विभागातून मिळाले, तर त्यांनाही घ्यावे.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बडोद्याच्या आपल्या मराठी घरांत सयाजीराव महाराजांविषयीचा आदर लहानपणापासूनच मुरलेला असतो, आणि तो रास्तही आहे. मात्र त्या आदरामुळे काही प्रश्न विचारायचेच राहून जातात. त्यासाठी या धोरणाकडे चिकित्सक नजरेने पाहणारी, तुझ्या निष्कर्षाला दुसऱ्याच सत्रात हरकत घेईल अशी व्यक्ती समितीत हवी. प्रबंध बाह्य परीक्षकांकडे जाईल तेव्हा तीच हरकत तिथे येईल, आणि त्या वेळी तुझ्या हाती दुरुस्तीला वेळ नसेल. मार्गदर्शकांशी ज्यांचे व्यक्तिगत वैर आहे अशांना मात्र टाळ; मतभेद वेगळा आणि भांडण वेगळे, ते भांडण तुझ्या कामावर येऊन पडते.

नाव मोठे पण वेळ नाही, असे प्राध्यापक घेण्याचा मोह होईल. त्यांच्या आजवरच्या संशोधक विद्यार्थ्यांना भेटून मसुदा किती दिवसांत वाचून परत येतो, हे आधी विचार. पीएच.डी.ला किमान ३ वर्षे लागतात आणि नियमित मुदत ६ वर्षांची आहे. त्या अवधीत कोण निवृत्त होणार किंवा दीर्घ रजेवर जाणार, हेही पाहावे.

प्रत्येक सत्रात तुला समितीपुढे सादरीकरण करून प्रगती अहवाल द्यावा लागेल. समितीच्या शिफारशींची प्रत मागून घे आणि जपून ठेव. काम समाधानकारक नसल्यास समितीने कारणे नोंदवून सुधारणा सुचवायच्या असतात, आणि त्या झाल्या नाहीत तर नोंदणी रद्द करण्याची शिफारसही ती करू शकते. म्हणून तोंडी झालेल्या सूचना त्याच दिवशी लिहून काढून सर्व सदस्यांना कळवण्याची सवय ठेव.

मार्गदर्शकांकडे जाताना दोन पानांचे टिपण घेऊन जा. त्यात तुझे चार-पाच प्रश्न लिही आणि प्रत्येक प्रश्नासमोर तो सोडवायला कोणत्या भाषेचे, कोणत्या पद्धतीचे ज्ञान लागेल तेही लिही. नावांची चर्चा त्या टिपणावरूनच सुरू होऊ दे. ते तयार झाल्यावर मलाही पाठव, मी लगेच वाचून कळवीन.

तुझा हितचिंतक