वैतरणी, गोदान आणि आईचा शब्द

‘गरुडपुराणातलं शब्दशः खरं मानायचं की ते रूपक आहे?’ हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे बहुतेक वेळा तेराव्यानंतर येतो.

एक बाई आल्या होत्या (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). त्यांची आई आयसीयूतच वारली. तोंडात गंगा घालता आली नाही, जमिनीवर घेता आलं नाही. घरी दहा दिवस गरुडपुराण वाचलं. त्यात यमाच्या वाटेवरची वैतरणी आली, रक्त आणि पुवाने भरलेली. गोदान केलेला जीवच ती सुखाने तरतो. आईच्या हातून गोदान झालं नव्हतं. तेव्हापासून रात्री डोळा लागला की नदी दिसे.

इंजिनिअर दिरांनी समजावलं, “वहिनी, हे सगळं प्रतीक आहे.” त्या भडकल्या. मला तो राग रास्त वाटला. ज्या बाईला आईचे हाल डोळ्यांपुढून हलत नाहीत, तिला ‘प्रतीक’ म्हणणं म्हणजे गप्प बसवणंच.

पोथीतलं खरं-खोटं ठरवणं हे माझं काम नाही. मी एवढंच विचारलं, “पोथीतलं अजून काय काय खरं धरलंत?” दहा दिवसांच्या पिंडांनी जिवाला पुढच्या वाटेसाठी देह मिळतो, हेही त्याच पुराणात आहे. भावाने पिंड दिले होते. देहच हाती लागला नाही, तर पळसाचा पुतळा करून संस्कार करण्याची सोयही आहे. आणि अकराव्याला गुरुजींनी गोदानाचं निष्क्रय घेतलं होतं, म्हणजे गायीऐवजी पैसे. धर्मशास्त्राला ते चालतं.

“पण गाय नव्हती ना, मॅडम!”

नदी शब्दशः, गायही शब्दशः. दिलाशाचं मात्र काहीच धरायचं नाही. मी त्यांना पुन्हा त्याच गुरुजींकडे पाठवलं. गुरुजी जाणते निघाले. त्यांनी मीमांसकांचा, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रकारांचा, अर्थवाद सांगितला: विधीची ओढ लागावी, निषिद्धाची धास्ती वाटावी म्हणून केलेली स्तुती किंवा निंदा. ‘आदित्यो यूपः’, यज्ञातला खांब म्हणजे सूर्य, हे वाक्य कुणी अक्षरशः घेत नाही. शब्दशः की लाक्षणिक हा वाद आपल्याकडे इतका जुना आहे, हे ऐकून त्यांना बरं वाटलं. गुरुजी यमलोक मात्र खराच मानतात, तेही त्यांनी लपवलं नाही.

त्यानंतर खरी गोष्ट बाहेर आली. आई म्हणाली होती, “मला घरीच राहू दे.” हॉस्पिटलचा हट्ट या बाईंचा होता. पुढचं आमचं बहुतेक बोलणं त्याच दिवसाबद्दल झालं: डॉक्टर काय म्हणाले होते, त्या घडीला काय कळत होतं, कोण कोण सोबत होतं. झोप पार उडाली होती, म्हणून मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवलं. थोडे दिवस गोळ्या लागल्या.

वर्षश्राद्धाला गोशाळेत खरीखुरी गाय द्यायचं त्यांनी ठरवलंय. मी हरकत घेतली नाही.