घट्ट घासाची भीती

"मॅडम, डॉक्टर म्हणतात खा, पण घास खाली उतरतच नाही." वजन घटवण्याची शस्त्रक्रिया करून आलेली माणसं हे मला इतक्यांदा सांगतात, की एका बाईंची गोष्ट लिहून टाकायची ठरवली. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

बाई प्राथमिक शाळेत शिक्षिका. शस्त्रक्रिया स्लीव्हची, तिच्यात जठराचा साधारण तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात, उरते ती अरुंद नळी. त्यानंतरचा क्रम सहसा असा: साधारण दोन आठवडे पातळ, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, आणि सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास हळूहळू नेहमीचं जेवण. बाईंना तिसरा महिना लागला होता, तरी सगळं ताक, वरणाचं पाणी आणि प्रोटीन पावडरवरच चाललेलं. मध्यंतरी कोरड्या पोळीचा तुकडा छातीत अडकला, तोंडाला पाणी सुटलं, उलटी झाली. तेव्हापासून चावून खाणं बंद. सर्जननी तपासून सगळं ठीक असल्याची खात्री केली आणि मगच समुपदेशनासाठी माझ्याकडे पाठवलं. हे आधी व्हायलाच हवं. कधीकधी नळी खरोखर आकसलेली असते. तो दोष मनावर ढकलून चालत नाही.

"खाल्लं तर काय होईल?"

"टाके सुटतील."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"जखम भरलीय म्हणाले. पटतं मला. पण…"

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या वाटेनं जाणारी. काय घडलं यापेक्षा त्याबद्दल माणूस स्वतःशी काय बोलतो, तिकडे माझे कान असतात. म्हणून त्या 'पण'पाशी मी थांबले. "पोळी समोर आली की मनात नेमकं कोणतं वाक्य येतं?" यावर आमच्या दोन-तीन भेटी गेल्या. मग एकदा त्या मान खाली घालून म्हणाल्या, "एकदा दात लागले की मी थांबणार नाही. पूर्वी तरी कुठे थांबत होते?"

टाक्यांची भीती वरवरची होती. बाईंना भीती होती ती स्वतःची. हे मला अनेकांमध्ये आढळतं, पण सहसा कुणी विचारत नाही.

दिवसभरात पोटात काय काय जातं ते मी लिहून आणायला सांगितलं. ताक, वरण होतंच. शिवाय दुधात बुडवलेली बिस्किटं आणि रात्री आइस्क्रीम. "पातळच आहे ना!" वजन उतरायचं का थांबलं याचं उत्तर त्याच कागदावर होतं. पातळ किंवा विरघळणारं अन्न नळीतून भराभर पुढे सरकतं, पोट भरल्याचं कळतच नाही. प्रथिनांचा घट्ट घास रेंगाळतो, आणि 'पुरे' म्हणायला लावतो.

मी म्हटलं, "बाई, खोडकर समजून ज्या मुलाला तुम्ही वर्गाबाहेर उभं केलंय, तोच तुमचा मॉनिटर आहे." त्या खळखळून हसल्या. हा दाखला मी त्यानंतर कितीतरी जणांना दिला आहे.

पुढच्या भेटीला आहारतज्ज्ञांना विचारून त्या लहान वाटीत पनीरची मऊ भुर्जी घेऊन आल्या. शेंगदाण्याएवढा घास, अगदी लगदा होईपर्यंत चावायचा, प्रत्येक घासानंतर चमचा खाली. थोड्या घासांनंतर त्यांनी उसासा टाकला, नाकातून पाणी आलं.

"सर्दी झाली वाटतं."

"नाही. पोट बोलतंय."

त्या वाटीकडे बघत राहिल्या. निम्मी भुर्जी तशीच होती.

"उरलंय," त्या म्हणाल्या.

"खायचंय?"

"नको." आणि मग, जरा नवलानं, "मॅडम, मी थांबले."

'मी थांबणार नाही' हे वाक्य मी वाद घालून खोडलं असतं तर ते पुन्हा उगवलं असतं. त्यांच्या पोटानं ते खोडलं. माझं काम बाई आणि त्यांचं पोट यांची गाठ घालून देण्याचं.

तुमचीही अशीच अडचण असेल तर सुरुवात पोळीपासून करू नका. कोरडी पोळी, पाव आणि चिकट भात हेच बहुतेकांना अडकतात. मऊ अंडं, पनीर, मुगाचं मऊ धिरडं, घट्ट वरण, चालत असेल तर मऊ मासा. एका वेळी एकच नवा पदार्थ, म्हणजे काय सोसलं नाही ते कळतं. प्रथिनं आधी, कारण दिवसाला किमान 60 ग्रॅम लागतात आणि वाटी लहान असते. जेवताना पाणी नको, जेवणानंतर अर्धा तास थांबा. उसासा, उचकी, नाक वाहणं किंवा छातीत दाब यातलं जे तुमचं लक्षण असेल ते ओळखा. ते आलं की पुढचा घास नाही. पहिल्यांदा नवं काही खाताना घरात माणसं असू द्या, पण ती ताटात डोकावणारी नकोत. 'पानात टाकू नये' म्हणणाऱ्या सासूबाईंशी बाईंनी वाद घातला नाही. वाढून घेतानाच दोन चमचे घ्यायला लागल्या.

आणि पाणीसुद्धा पोटात राहत नसेल, ताप असेल, पोटात किंवा खांद्यात जोराचं दुखत असेल, छातीत धडधडत असेल, तर माझी वेळ घेऊ नका. थेट सर्जनना फोन करा.