कोड नवा, पॅकेजेस जुनी

प्रश्न : आमच्या जावास्क्रिप्ट प्रकल्पात सहकाऱ्यांचे बदल गिटवरून (कोडमधील बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली) पुल केले, म्हणजे माझ्या संगणकावर आणले, की माझ्याकडे अनेकदा ‘कॅनॉट फाइंड मॉड्यूल’ अशी एरर येते, त्यांच्याकडे तोच कोड व्यवस्थित चालतो. मग मी पॅकेजेसचे (प्रकल्पात वापरलेला इतरांचा तयार कोड) नोड मॉड्यूल्स फोल्डर आणि लॉक फाइल दोन्ही डिलीट करून, पॅकेजेस बसवणाऱ्या एनपीएम या साधनाची ‘एनपीएम इन्स्टॉल’ ही आज्ञा चालवतो. योग्य पद्धत कोणती?

उत्तर : पुल केल्यावर फक्त गिटमध्ये नोंदलेल्या फाइल्स बदलतात. नोड मॉड्यूल्स फोल्डर सहसा गिटच्या कक्षेबाहेर ठेवलेले असते, त्यामुळे सहकाऱ्याने नवे पॅकेज जोडले तर त्याची नोंद तुमच्यापर्यंत पोहोचते, प्रत्यक्ष पॅकेज पोहोचत नाही. एरर आली हे एका अर्थी बरेच म्हणायचे, कारण पॅकेज आहे पण जुन्या आवृत्तीचे आहे अशा वेळी पुष्कळदा एररही येत नाही आणि निर्दोष कोडमध्ये दोष शोधण्यात अख्खा दिवस जातो.

लॉक फाइल डिलीट करणे मात्र कृपया आजच थांबवा. प्रकल्पाला लागणाऱ्या पॅकेजेसची यादी असलेल्या ‘पॅकेज.जेसन’मध्ये ‘^१.४.२’ असे लिहिलेले असते तेव्हा १.४.२ पासून २.०.० च्या अलीकडची कोणतीही आवृत्ती चालते. त्यांपैकी नेमकी कोणती घेतली आणि त्या पॅकेजला स्वतःसाठी आणखी कोणती पॅकेजेस लागली, हे ‘पॅकेज-लॉक.जेसन’ ही लॉक फाइल सांगते. ती गेली की एनपीएम या मर्यादांत बसणाऱ्या आवृत्त्या नव्याने निवडते, आणि सहकाऱ्यांशी जुळवून घेण्याच्या प्रयत्नात तुम्ही त्यांच्यापासून आणखी लांब जाता.

पुल केल्यानंतर लॉक फाइल बदललेली असेल तर ‘एनपीएम सीआय’ ही २०१८ साली आलेली आज्ञा चालवा. ती जुने नोड मॉड्यूल्स फोल्डर स्वतःच काढून टाकते, लॉक फाइलमध्ये आहे तेच बसवते, त्या फाइलला हात लावत नाही, आणि ‘पॅकेज.जेसन’ व लॉक फाइल यांतील नोंदी एकमेकींशी जुळत नसतील तर काम थांबवून तसे सांगते. ‘एनपीएम इन्स्टॉल’ पॅकेज जोडताना किंवा आवृत्ती बदलताना वापरावे आणि या दोन्ही फाइल्स एकाच कमिटमध्ये (गिटमध्ये एकत्र नोंदलेला बदल) द्याव्यात.

हे दर वेळी लक्षात राहत नाही, म्हणून गिटचा ‘पोस्ट-मर्ज’ हुक, म्हणजे पुल केलेले बदल तुमच्या कोडमध्ये मिसळले (मर्ज झाले) की आपोआप चालणारी छोटी स्क्रिप्ट, लावून घ्या. मर्ज झाल्यावर तो आधीच्या आणि आताच्या कमिटमधील फरक पाहून, लॉक फाइल बदलली असेल तरच तुम्हाला सूचना देऊ शकतो. हुकनेच परस्पर पॅकेजेस बसवावीत असे मला वाटत नाही. घाईत पुल केलेल्या माणसाच्या हातातले काम त्यामुळे अडते. शाखा बदलतानाही हाच घोळ होतो, त्यासाठी ‘पोस्ट-चेकआउट’ हुक आहे. गिटच्या स्वतःच्या फोल्डरमधील हुक सहकाऱ्यांकडे आपोआप जात नाहीत, तेव्हा ते प्रकल्पातील एखाद्या फोल्डरमध्ये ठेवून प्रत्येकाने गिटच्या सेटिंगमध्ये त्या फोल्डरचा पत्ता द्यावा.

लॉक फाइलमध्येच कॉन्फ्लिक्ट आला, म्हणजे तुमचे आणि सहकाऱ्याचे बदल एकाच जागी भिडले, तर ती हाताने दुरुस्त करू नका. आधी ‘पॅकेज.जेसन’मधला कॉन्फ्लिक्ट सोडवा आणि मग ‘एनपीएम इन्स्टॉल’ चालवा. लॉक फाइलमधला कॉन्फ्लिक्ट एनपीएम स्वतः सोडवते.